आठव्या खोलीचं कुलूप

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते सातवी असे सात वर्ग आहेत आणि खोल्या आठ. एका खोलीत ऑफिस, सहा खोल्यांत सहा वर्ग, आणि तिसरीचा वर्ग व्हरांड्यात. मुलगा चौथीत जाईपर्यंत, म्हणजे तो स्वतः वर्षभर त्या व्हरांड्यात बसून झाल्यावरही, मी हा हिशोब कधी केला नव्हता. सहा आणि एक सात. मग आठवी खोली कुठे गेली?

ती बंद होती. ती उघडायला, रिकामी करायला आणि पुन्हा वर्ग म्हणून वापरायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. खर्च फार झाला नाही, कागद मात्र खूप झाले. अशी एक खोली बहुतेक शाळांमध्ये असते, म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते.

गाव पुण्याचंच म्हणायचं. सिंहगडाच्या बाजूला, खडकवासल्याच्या पुढे. पटसंख्या १४२. मी नऱ्ह्याला एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून भंगारापर्यंत सगळ्याची नोंद ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळेच बहुधा २९ जून २०२४ च्या पालकसभेत माझं नाव शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदासाठी पुढे आलं. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. प्रत्यक्षात सभेला आलेल्या आम्ही चौदाजणी एकमेकींकडे बघत बसलो होतो, आणि माझी नजर खाली जायला जरा उशीर झाला.

पहिली बैठक ६ जुलैला. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी मुलं मोठ्या बाई म्हणतात, त्या समितीच्या सदस्य सचिव असतात. त्यांनी विषयपत्रिकेच्या आधीच वीजबिल टेबलावर ठेवलं. थकबाकीसह ३१,४२० रुपये. वीज तोडायची नोटीसही सोबत होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की वर्गणी काढा.

मी बिल हातात घेतलं. कारखान्यात दर महिन्याला बघते, त्यामुळे डोळे आपोआप चालू रीडिंगच्या चौकटीकडे गेले. तिथे आकडा नव्हता. रीडरला मीटरपर्यंत पोचता आलं नाही, असा शेरा होता. वापर २१० युनिट. मागच्या महिन्याचं बिल काढायला लावलं, त्यातही २१०. त्याच्या मागचंही २१०. एप्रिल २०२३ पासून दर महिन्याला सरासरीने २१० युनिट लावले जात होते, मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा.

"बाई, मीटर आहे कुठे?"

मोठ्या बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. आठव्या खोलीत.

ही सगळ्यात पहिली आणि फुकटातली सूचना: शाळेचं वीजबिल एकदा तरी पूर्ण वाचा. चालू रीडिंग खरं आहे की सरासरी, ते बघा. श्रेणी कोणती लावली आहे, तेही बघा. सरकारी शाळेला सार्वजनिक सेवेची श्रेणी लागते, व्यापारी नव्हे. आमची श्रेणी बरोबर होती. रीडर बिचारा दर महिन्याला येऊन कुलूप बघून परत जात होता. यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता, कुलूप आमचंच होतं.

किल्ली कुणाकडेच नव्हती. आधीच्या मुख्याध्यापकांची बदली झाली, तेव्हा पदभाराच्या यादीत 'किल्ल्यांचा जुडगा, एक' एवढंच लिहिलं होतं. जुडग्यातली एकही किल्ली लागेना. १३ जुलैला, शनिवारची शाळा सुटल्यावर, दोन शिक्षक, सरपंचांचे भाऊ आणि मी अशा चौघांच्या समक्ष हॅक्सॉ ब्लेडने कुलूप कापलं. मोठ्या बाईंनी तिथेच पंचनामा लिहून आमच्या सह्या घेतल्या. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. पुढच्या चोवीस तासांत त्या कागदाची किंमत कळली.

आत काय होतं म्हणाल तर काय नव्हतं! दारापासून छतापर्यंत बाकं, एकमेकांत पाय अडकवून रचलेली. गंजलेली लोखंडी कपाटं. पाच जुने, मागे पोट आलेले मॉनिटर आणि त्यांचे सीपीयू. वजनकाटा. फुटलेले पत्रे. बालभारतीची जुनी पुस्तकं, त्यातली बरीचशी वाळवीने अर्धी केलेली. तांदळाची रिकामी पोती, ज्यांचा हिशोब पुन्हा वेगळा द्यावा लागतो. लेझमांची एक पेटी. आणि गणित पेटी, विज्ञान पेटी. दोन्हींची सीलं न तोडलेली! त्याच आठवड्यात चौथीच्या बाई पुठ्ठ्याची नाणी कापत बसलेल्या मी पाहिल्या होत्या.

इथे माझी पहिली मोठी चूक. कारखान्यात आम्ही जागा मोकळी करताना आधी सगळं बाहेर काढतो, लाल-हिरव्या चिठ्ठ्या लावतो, मग ठरवतो. त्याच सवयीने १४ तारखेला, रविवारी, आम्ही सात-आठ पालकांनी निम्मी बाकं ओढून पटांगणात मांडली. दुपारी कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'नवीन समितीने शाळेचं सामान विकायला काढलं.' संध्याकाळी सरपंचांचा फोन. मोठ्या बाईंना तर केंद्रप्रमुखांचाच, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचाच आला. पंचनामा दाखवल्यावर प्रकरण निवळलं, पण रात्री पावसात तीच बाकं आम्हाला पुन्हा आत रचावी लागली. माझे मिस्टर एक शब्दही न बोलता बाक उचलत होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तर दुसरी सूचना: ठरावाआधी कशालाही हात लावू नका. मोडकी खुर्चीसुद्धा सरकारी मालमत्ता असते. ती बाहेर काढायची, दुरुस्त करायची की विकायची, हे आधी कागदावर येतं.

त्या कागदी प्रक्रियेचं नाव निर्लेखन. वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून कमी करणं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कारखान्यात आम्ही नुसतं 'स्क्रॅप केलं' म्हणतो.

२० जुलैला खास बैठक लावली. दोन ठराव केले. एक, खोलीतल्या सर्व वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीप्रमाणे, पडताळणी करावी. दोन, दुरुस्त होण्याजोग्या वस्तू वेगळ्या काढून उरलेल्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा. सूचक, अनुमोदक, गणपूर्ती, सगळं इतिवृत्तात व्यवस्थित लिहिलं. शेवटच्या ओळीखाली मोठ्या बाईंनी तिरकी रेघ मारली, म्हणजे नंतर कुणी काही घुसडायला नको. ही सवय मी आता कारखान्यातही लावून घेतली आहे.

पडताळणीला चार संध्याकाळी गेल्या. रजिस्टरप्रमाणे जोडबाकं ५२, खोलीत सापडली ४६. सहा कुठे गेली? दोन दिवस माझी झोप उडाली होती, कारण कमी भरलेल्या वस्तूचा जाब सध्याच्या मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. शेवटी स्वयंपाकीण मावशींनी सहज सांगितलं, "ती काय, अंगणवाडीत नाहीत का?" चार अंगणवाडीत, दोन ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. कुणीतरी कधीतरी उचलून दिली होती, नोंद काही नव्हती. अंगणवाडीसेविका आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दोघांकडून 'वस्तू आमच्याकडे आहेत' असं पत्र घेतलं आणि फाइलला जोडलं. तुमच्याकडे आकडा जुळला नाही, तर आधी अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि देऊळ पाहा. चोरीचा विचार नंतर.

मग खरा प्रश्न, की यातलं किती वाचतं? आमच्या कारखान्यातले वेल्डर दादा एका रविवारी येऊन बघून गेले. त्यांनी बाकांवरून हात फिरवला आणि खडूने फुल्या मारत गेले. ४६ पैकी ३१ उभी राहतील म्हणाले, उरलेल्या १५ चे नुसते सांगाडे. दुरुस्तीचा खर्च एका बाकाला ३८० रुपये, त्यात वेल्डिंग, वरची फळी, रंग आणि पायाचं रबर. नव्या जोडबाकाचं कोटेशन मी मागवलं होतं, ते ४,६०० चं. म्हणजे ११,७८० रुपयांत जे होणार होतं, त्यालाच नवीन घेताना १,४२,६०० लागले असते. मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये शाळेने '३० बाकांची आवश्यकता' म्हणून मागणीपत्रही पाठवलेलं होतं! मागणीपत्र ऑफिसातून गेलं आणि बाकं शेजारच्या भिंतीपलीकडे होती.

प्रस्ताव घेऊन २५ जुलैला जायचं ठरलं होतं. त्या दिवशी पुण्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. रात्रभर पाऊस, धरणातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी, शाळांना सुट्टी. अर्ध्या दिवसाची रजा फुकट गेली. अखेर २९ जुलैला तीन प्रतींत फाइल केंद्रप्रमुखांकडे दिली. पोचपावतीच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. तो शिक्का पुढे तीनदा उपयोगी पडला.

दरम्यान विजेचं काम सुरळीत झालं. मीटर मोकळा झाल्याचा अर्ज दिला, सोबत मीटरच्या रीडिंगचा फोटो जोडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माणूस येऊन रीडिंग घेऊन गेला. मार्च २०२३ चं शेवटचं खरं रीडिंग १८,२६४ होतं, आता १९,७८४. म्हणजे सोळा महिन्यांत १,५२० युनिट, महिन्याला ९५. बिल लागलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त. सरासरी काढली गेली ती संगणक कक्ष आणि पाण्याची मोटर चालू होती त्या काळावरून. सप्टेंबरच्या बिलात सुमारे १२,९०० रुपये कमी होऊन आले. मधल्या महिन्याचं मिळवून देणं राहिलं २०,०२०. त्यातले १२,००० ग्रामपंचायतीने भरले, उरलेले पुढे संयुक्त शाळा अनुदानातून.

या अनुदानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पालकांना ते माहीतच नसतं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटाप्रमाणे वर्षाला रक्कम मंजूर होते. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर ५०,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, सगळं यातच बसवायचं. ही रक्कम एकदम हातात येत नाही. आम्हाला पहिला हप्ता डिसेंबरात आला, २५,००० चा. शिवाय चेकने किंवा रोखीने देता येत नाही. पीएफएमएस नावाच्या संगणकीय प्रणालीतून देयकाचा आदेश काढावा लागतो आणि ज्याला पैसे द्यायचे त्याच्या बँक खात्याची नोंद आधी त्यात करावी लागते. आमचे वेल्डर दादा म्हणाले, "ताई, एवढ्या भानगडीत मी नाही पडत, जमेल तेव्हा द्या." म्हणून बाकांची दुरुस्ती लोकवर्गणीतून केली, पावतीपुस्तक फाडून. वर्गणी ९,३०० जमली, बाकीचे दादांनी सोडले. तेवढं सोडायला सांगताना मला अवघड झालं होतं, हे कबूल करते.

सप्टेंबरच्या २३ तारखेला, गणपती उठल्यावर, फाइल परत आली. नामंजूर नाही, 'त्रुटीपूर्ततेसाठी'. तीन त्रुटी: वस्तूंची खरेदीची तारीख आणि मूळ किंमत नाही, फोटोंवर मुख्याध्यापकांची सही नाही, आणि संगणक वेगळ्या यादीत दाखवले नाहीत. शेवटच्या दोन एका दिवसात झाल्या. पहिलीसाठी मात्र जुनी रजिस्टरं काढावी लागली. कपाटावरच्या गाठोड्यात १९९० च्या दशकातली वही सापडली, आधीच्या एका गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरातली. तीत प्रत्येक बाक कधी आलं, कुठल्या योजनेतून आलं, किती रुपयांना आलं ते होतं. त्यानंतरच्या वह्यांमध्ये अक्षर बिघडत जातं आणि किंमतीचा रकाना मोकळा राहायला लागतो. जिथे किंमत सापडलीच नाही, तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहून मोठ्या बाईंनी प्रमाणपत्र दिलं. ते चाललं. उगाच अंदाजे आकडा टाकू नका, असं तालुक्याच्या ऑफिसातल्या विस्तार अधिकारी मॅडमनी आम्हाला बजावलं होतं. त्या फाइलमधल्या चुका शांतपणे समजावून सांगायच्या, आणि त्यांच्या टेबलावर आमच्यासारख्या फायलींचा डोंगर होता. पहिल्या दोन खेपांना मी त्यांच्यावर मनातून चिडले होते. तिसऱ्या खेपेला डबा खाताखाता त्या दुसऱ्या शाळेची फाइल तपासत होत्या, ते बघितलं.

१० ऑक्टोबरला फाइल पुन्हा दिली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. कर्मचारी निवडणुकीच्या कामाला, शिक्षक मतदार याद्यांच्या. लिलाव वगैरेचा विषयच काढायचा नाही. मध्ये दिवाळी. २० नोव्हेंबरला मतदान आमच्याच शाळेत होतं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाने व्हरांड्यातली तिसरीची फळाभिंत पाहिली आणि रांगेत उभं राहून विचारलं, "ही पोरं इथं का बसतात हो?" इतके दिवस जे माझ्या तोंडचं ऐकून कुणी हललं नव्हतं, ते तासभर उन्हात उभं राहिल्यावर सगळ्यांना दिसलं. सरपंचांनी आपणहून पाठपुरावा करायचं कबूल केलं.

या अडकलेल्या महिन्यांत आम्ही परवानगीशिवाय करता येतील अशी कामं उरकली. ती सगळ्यात स्वस्त निघाली.

एक म्हणजे पंख्यांचा नाद सोडला. एका पालकाने वीज वाचवणारे नवे बीएलडीसी पंखे सुचवले होते, एक २,८०० चा. कल्पना चांगली, पण मी हिशोब मांडला. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा ३० चा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी शाळा वर्षाला किमान २२० दिवस. त्यातले आमच्याकडे पंख्याचे दिवस फार तर १२०, रोज सहा तास. म्हणजे पंख्यामागे वर्षाला ३२ युनिट वाचणार. सगळं धरून तेव्हा युनिट सात रुपयांच्या आसपास पडायचं, म्हणजे सव्वादोनशे रुपये. पैसे वसूल व्हायला बारा वर्षं! घरात दिवसरात्र चालणाऱ्या पंख्याला ते परवडतं, शाळेला नाही. ट्यूबचं गणित वेगळं निघालं. चोकवाली जुनी ट्यूब ५५ वॉटच्या आसपास खाते, एलईडी २०. रोज दोन तास जरी लावली तरी २४० रुपयांची नवी ट्यूब सव्वादोन वर्षांत सुटते. म्हणून १४ ट्यूब बदलायचं ठरवलं, ३,३६० रुपये, अनुदान येईल तेव्हा. पण पाचवीच्या वर्गात ट्यूब दिवसा लागतेच का, हे बघायला गेले तर दोन्ही खिडक्यांपुढे कपाटं उभी होती. कपाटं उलट्या भिंतीला लावली. त्या वर्गात ट्यूब आता पावसाळ्यातच लागते. खर्च शून्य, पाठ माझी दोन दिवस धरली.

हात धुवायच्या जागेचा एक नळ ठिबकत होता. सातवीच्या मुलांनी त्याखाली लिटरची बाटली धरून घड्याळ लावलं. नऊ मिनिटांत भरली. दिवसाला १६० लिटर, असा गुणाकार त्यांनीच फळ्यावर मांडला. वायसर दहा रुपयांचा. त्यानंतर मुलंच घरोघरी नळ मोजत सुटली, त्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्या ते सोडा.

आणि पुस्तकं. २०२३-२४ पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं येत होती. वर्ष संपल्यावर त्यातली बरीच कोरीच राहिलेली दिसली. मुलांनी जुनी पुस्तकं परत आणून दिली, कोरी पानं सोडवून घेतली, आणि बचत गटातल्या बायकांनी सुईदोऱ्याने शिवून ८८ कच्च्या वह्या केल्या. गणित पेटी आणि विज्ञान पेटी तर पडताळणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात गेल्या होत्या. त्यांना निर्लेखनाची गरज नव्हती, फक्त बाहेर काढायची होती.

१२ डिसेंबरला बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. त्यांनी १५ सांगाडे, दोन कपाटं आणि पत्रे यांचा अंदाज ४०० किलोचा धरला आणि किलोला २४ रुपये हातची किंमत, म्हणजे लिलावाची बोली जिथून सुरू होते ती, ठरवली. संगणक मात्र भंगारात विकता येणार नाहीत म्हणाले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असं सामान नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. एका शाळेच्या पाच संगणकांसाठी कुणी गाडी पाठवत नाही, त्यामुळे बाकीच्या शाळांचं जमल्यावर एकत्र उचलू असं ठरलं.

निर्लेखनाचा आदेश आला ४ फेब्रुवारी २०२५ ला. एक पानाचा. मी त्याचा फोटो समितीच्या ग्रुपवर टाकला तर कुणी पेढ्यांचं चित्र पाठवलं, कुणी नुसतंच 'अखेर'. पान उलटल्यावर अट क्रमांक चार: लिलावाची रक्कम चलनाने जिल्हा परिषदेच्या निधीत भरावी. शाळेला नाही. आम्ही त्या पैशांत फरशी बसवायची स्वप्नं पाहिली होती. तुम्हीही पाहणार असाल तर आधी विचारून घ्या.

लिलावाची जाहीर सूचना शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, अनामत ५०० रुपये. १ मार्चला, शनिवारी दुपारी चौघे आले. बोली २४ वरून सुरू झाली, २६ ला अडकली. मग धायरीच्या एकाने २८ म्हटलं आणि बाकीचे बिडी ओढायला बाहेर गेले. वजन मात्र शाळेच्या काट्यावर नाही, रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन केलं, रिकामी आणि भरलेली अशा दोन पावत्या घेऊन. हा आग्रह माझा. भरलं ४१२ किलो, रक्कम ११,५३६. सोमवारी चलन भरलं. मोठ्या बाईंनी डेडस्टॉक रजिस्टरात प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने आदेश क्रमांक आणि तारीख लिहिली. दोन पानं लाल झाली. शेवटची सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. ही खोली मला पदभारात द्यायला लागणार नाही, एवढं बरं झालं."

एप्रिलमध्ये वाळवीचं औषध मारलं, भिंती पालकांनीच रंगवल्या. मीटर व्हरांड्यात हलवायचं अंदाजपत्रक जास्त आलं, म्हणून त्याऐवजी मीटरसमोरच्या भिंतीला बाहेरून दिसेल अशी काचेची छोटी खिडकी केली. १,१०० रुपये गवंड्यासकट. मे महिन्यातच पाऊस आला, त्यामुळे छत कुठे गळतं तेही शाळा उघडायच्या आधी कळलं. दोन पत्रे बदलले.

माझा स्वतःचा खर्च म्हणाल तर तालुक्याच्या ऑफिसला नऊ खेपा, सहा अर्ध्या रजा, पेट्रोल आणि झेरॉक्स मिळून १,९०० च्या आसपास. झेरॉक्सचे पैसे मोठ्या बाईंनी देऊ केले होते, मी घेतले नाहीत, पण घ्यायला हवे होते. पुढच्या अध्यक्षाला वाटायला नको की पदरमोड केल्याशिवाय हे काम होत नाही. जायच्या आधी फोन करून साहेब जागेवर आहेत का विचारा. माझ्या नऊपैकी तीन खेपा त्यातच गेल्या.

१६ जून २०२५, सोमवार. तिसरीचा वर्ग आठव्या खोलीत भरला. दुरुस्त केलेल्या ३१ पैकी १२ बाकं तिथे, बाकीची सहावी-सातवीत. माझा मुलगा आता पाचवीत, खिडक्या मोकळ्या झालेल्या वर्गात. त्याने सकाळी फक्त एवढंच विचारलं, "मग व्हरांड्यात आता काय?" तिथे आता दुपारी जेवणाच्या पंगती बसतात.

जुलैचं बिल आलं, ९१ युनिट, खऱ्या रीडिंगचं. रीडर खिडकीतून वाकून आकडा टिपतो आणि जातो.

पाच मॉनिटर अजून तिथेच आहेत. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात चादरीखाली, वर कागद चिकटवलेला: 'निर्लेखित, उचल बाकी'. परवा तिसरीतल्या एका मुलीने चादर वर करून पाहिली आणि बाईंना विचारलं, "हा टीव्ही कधी लावायचा?" गाडी दिवाळीनंतर येईल असं सध्या सांगितलं आहे. फाइलची पोचपावती माझ्याकडे आहे.